पेशवाईचे चेहरे रंगवणारे दोघे : जेम्स वेल्स आणि गंगाराम तांबट

१/
नाना फडणवीस हे नाव उच्चारताच कृश, गंभीर मुद्रेचा एक कारभारी डोळ्यांसमोर उभा राहतो. सवाई माधवराव म्हटले की मोत्यांच्या माळा ल्यालेला कोवळा तरुण आठवतो. महादजी शिंद्यांचाही एक ठरावीक चेहरा मराठी मनात पक्का बसलेला आहे. पाठ्यपुस्तके, कादंबऱ्यांची मुखपृष्ठे आणि नाटकांतील रंगभूषा यांनी ही रूपे पिढ्यान्‌पिढ्या जपली. या प्रतिमांचा उगम शोधत मागे गेल्यास वारंवार एकाच चित्रकाराचे नाव समोर येते : जेम्स वेल्स. स्कॉटलंडचा हा चितारी पश्चिम हिंदुस्थानात जेमतेम चार वर्षे राहिला आणि येथेच मरण पावला. त्याच काळात, त्याच वर्तुळात पुण्याचा एक कारागीरही चित्रे काढीत होता : गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. हा धागा या दोघांविषयी आहे.

२/
अठराव्या शतकाच्या अखेरीस मिळालेल्या या चेहऱ्यांचे मोल कळण्यासाठी आधी सतराव्या शतकाकडे पाहावे. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांचा राजवाडा आहे, त्यांची भव्य समाधी आहे. दगडात जे टिकायचे ते टिकले. परंतु १६२९ मध्ये दौलताबादेत मारल्या गेलेल्या या बलाढ्य सरदाराचे सर्वपरिचित असे समकालीन चित्र आपल्याजवळ नाही. खुद्द शिवछत्रपतींच्या बाबतीतही फार काळ भलतेच एक चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते; विश्वसनीय चित्र प्रकाशात आणण्याचे श्रेय इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना जाते. चेहरा हा इतिहासाचा किती नाजूक पुरावा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

३/
पेशवाईत चित्रकला नव्हती असे नाही. शनिवारवाड्याच्या भिंती चित्रांनी नटलेल्या होत्या. वाईजवळ मेणवली येथे नानांच्या वाड्यात भित्तिचित्रे आजही दिसतात. पुण्यातील चितारी देवादिकांची, रागरागिण्यांची आणि सरदारांची चित्रे कागदावर काढीत. मात्र या परंपरेत व्यक्ती प्रायः एका बाजूने दाखवली जाई. कपाळ, नाक आणि हनुवटी यांची स्वच्छ रेषा, एक मोठा डोळा, वर पगडी. माणसाची ओळख पोशाख, अलंकार, गंध आणि बैठकीतील स्थान यांवरून पटे. गालावर पडलेली सावली किंवा डोळ्यांखालचा थकवा टिपणे हा तिचा हेतूच नव्हता. ते काम युरोपीय तैलचित्रांचे होते, आणि ती कला पुण्यात पोहोचायची होती.

४/
जेम्स वेल्सचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड या गावी झाला. शिक्षण अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजात झाले. चित्रकलेत तो बव्हंशी स्वयंशिक्षित होता. तरुणपणी पत्र्याच्या लहान तुकड्यांवर लोकांचे चेहरे रंगवून तो ते अल्प किमतीत विकत असे. पुढे त्याने लंडन गाठले. १७८८ आणि १७८९ साली रॉयल अकादमीच्या प्रदर्शनांत त्याची व्यक्तिचित्रे लागली. ही प्रतिष्ठेची गोष्ट खरी; पण त्या काळच्या लंडनमध्ये जोशुआ रेनॉल्ड्स आणि जॉर्ज रोम्नी यांच्यासारखे नामवंत चित्रकार होते. मध्यम कीर्तीच्या, पत्नी आणि मुली पदरी असलेल्या चित्रकाराला अशा ठिकाणी पाय रोवणे कठीणच होते.

५/
अशा चित्रकारांपुढे समुद्रापलीकडचे दोन मार्ग खुले होते. पश्चिमेला नव्याने स्वतंत्र झालेली अमेरिका आणि पूर्वेला ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थान. मूळचा अमेरिकन असलेला गिल्बर्ट स्टुअर्ट लंडन आणि डब्लिन येथे कर्जात बुडाल्यावर १७९३ च्या सुमारास मायदेशी परतला, तो जॉर्ज वॉशिंग्टनची चित्रे रंगवून पैसा मिळवण्याच्या हेतूनेच. पूर्वेचा मार्ग टिली केटल आणि योहान झोफनी यांनी आधीच चोखाळला होता. मद्रास, कलकत्ता आणि लखनौ येथे इंग्रज अधिकारी आणि देशी राजे चित्रांसाठी चांगले पैसे मोजत. वेल्सने पूर्व निवडली. कंपनीची परवानगी घेऊन १७९१ मध्ये तो मुंबईस उतरला. त्या वेळी त्याचे वय चव्वेचाळीस होते.

६/
मुंबई तेव्हा कलकत्त्याच्या तुलनेने लहान होती. व्यक्तिचित्रांची कामे पुरेशी मिळणे अवघडच होते. या काळात वेल्सने मुंबई बेट आणि आसपासच्या प्रदेशाची दृश्ये रेखाटली. नारळीची झाडे, किल्ला, खाडी, दूरवरचे डोंगर अशी ती बारा दृश्ये त्याच्या मृत्यूनंतर लंडनमध्ये छापली गेली. मुंबईची बेटे अजून भराव घालून पुरती जोडली गेली नव्हती, त्या काळची ही चित्रे शहराच्या इतिहासकारांना आजही उपयोगी पडतात. पण वेल्सच्या आयुष्याला वळण मिळाले ते पुण्यात, आणि ते देणारा माणूस होता चार्ल्स मॅलेट.

७/
मॅलेट १७८६ साली पेशव्यांच्या दरबारातील कंपनीचा पहिला रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. मुळा आणि मुठा यांच्या संगमावर त्याची वस्ती होती. म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध पेशव्यांना कंपनीच्या बाजूस वळवणे हे त्याचे मुख्य काम, आणि १ जून १७९० रोजी झालेल्या तहाने ते साधले. या कामगिरीबद्दल १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. आपल्या यशाचे एक भव्य चित्र व्हावे, त्यात पेशव्यांचा दरबार आणि दरबारातील प्रत्येक मान्यवर ओळखू यावा, अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी व्यक्तिचित्रे काढणारा हात हवा होता. १७९२ मध्ये वेल्स पुण्यास आला तो या पार्श्वभूमीवर.

८/
येथे एक राजकीय संदर्भ लक्षात घ्यावा लागेल. १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने कंपनीच्या नोकरांना देशी सत्ताधीशांकडून नजराणे घेण्यास मनाई केली. त्यानंतर चित्र ही एक सोयीची भेट ठरली. रत्ने किंवा रोकड घेतली तर लाच ठरे. राजाचे चित्र घेतले तर तो स्नेह मानला जाई. कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जने या प्रथेस उत्तेजन दिले होते. त्यामुळे पुण्यात वेल्सने लावलेला कॅनव्हास हा केवळ कलेचा विषय नव्हता. रेसिडेंटच्या मुत्सद्देगिरीचा तो एक भाग होता. पेशवा आणि त्याचा कारभारी इंग्रज चित्रकारासमोर बसतात, ही घटनाच दोन सत्तांमधील सलगीची ग्वाही देणारी होती.

९/
तैलचित्रासाठी माणसाला चित्रकारासमोर बसावे लागते, तेही एकदा नव्हे. आधी चेहऱ्याचे रेखाटन, मग कॅनव्हासवर पातळ रंगाचा पहिला थर, तो सुकल्यावर छायाप्रकाश, शेवटी वस्त्रे आणि अलंकार. तेलाचे रंग सावकाश सुकतात, म्हणून काम दिवसच्या दिवस चालते. चेहरा एकदा नीट साधला की त्यावरून आणखी प्रती काढता येतात, समूहचित्रात तो बसवता येतो, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापताही येतो. म्हणजे एका बैठकीतून अनेक चित्रांचे बीज मिळे. वेल्सच्या चित्रांचा पुढचा सारा प्रवास समजण्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

१०/
१७९२ चे त्याचे एक चित्र विशेष प्रसिद्ध आहे. त्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस एकत्र बसलेले असून मागे सेवक उभे आहेत. हे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पेशव्याचे वय तेव्हा अठरा वर्षांचे. त्याचा जन्म वडिलांच्या खुनानंतर, १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर झाला होता आणि बारभाईंनी त्याला पाळण्यातच पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली होती. चित्रात तो मोत्यांनी आणि रत्नांनी नटलेला आहे. नाना मात्र साधे. अलंकार एकाच्या अंगावर आणि सत्ता दुसऱ्याच्या हाती, ही त्या काळच्या पुण्याची सर्वांना ठाऊक असलेली स्थिती एकाच चौकटीत पाहावयास मिळते.

११/
त्याच वर्षी जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले. दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळवलेली वकील-ए-मुतलकी त्यांनी समारंभपूर्वक अर्पण केली. नाना आणि महादजी यांच्यातील चुरस तेव्हा शिगेला पोहोचली होती. अशा वेळी दोघांचेही चेहरे टिपू शकणारा एक युरोपीय चित्रकार पुण्यात हजर असणे हा इतिहासाचा योगायोग म्हणावा लागेल. महादजींना पुढे फार आयुष्य लाभले नाही. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे त्यांचे निधन झाले. वेल्स दोन वर्षे उशिरा आला असता तर महादजींचा हा चेहरा आपल्याला मिळाला नसता.

१२/
वेल्सने केवळ राज्यकर्तेच रंगवले असे नाही. मॅलेटबरोबर पुण्यात राहणाऱ्या बीबी अंबर कौर हिचेही तैलचित्र त्याने काढले. तिला मॅलेटपासून तीन मुले होती. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या घरात राहणाऱ्या अशा हिंदुस्थानी स्त्रियांची नावेही पुष्कळदा कागदोपत्री येत नाहीत. आली तरी मृत्युपत्राच्या एखाद्या ओळीत. अंबर कौरचा चेहरा मात्र उरला. राजनैतिक हेतूने पुण्यात आलेल्या चित्रकाराच्या हातून, दरबाराच्या बखरीत कधीच न येणारी एक व्यक्ती अशी नोंदली गेली.

१३/
आता गंगाराम तांबटाकडे वळू. त्याच्या नावातच त्याचा व्यवसाय आहे. तांबट म्हणजे तांब्यापितळेची भांडी, मूर्ती आणि नक्षी घडवणारे कारागीर. कसबा पेठेतील तांबट आळीत हातोड्यांचा ठोका आजही ऐकू येतो. पत्र्यावर रेषा कोरणे, ठोकून उठाव आणणे, मूर्तीचे प्रमाण राखणे ही कामे ज्या हाताला सवयीची असतात, त्याला कागदावरील रेखाटन परके वाटत नाही. गंगारामची रेषा पाहिली की हे जाणवते. ती ठाम आहे, आकाराला घट्ट धरून चालणारी आहे.

१४/
वेल्स पुण्यात येण्यापूर्वीच गंगाराम मॅलेटसाठी चित्रे काढू लागला होता. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथील गेंडा आणि सिंह गंगारामने प्रत्यक्ष पाहून चितारले. गेंड्याचे चित्र १७९० चे आहे. त्याने पहिलवानांची चित्रेही काढली. जनावराची कातडी, तिच्या घड्या, साखळदंड, पायांखालची सावली, हे सारे समोर पाहून काढलेले आहे. पुराणातील किंवा पोथीतील प्राणी रंगवणाऱ्या परंपरेतून आलेल्या माणसाने समोरच्या जित्याजागत्या जनावराचे असे निरीक्षण करावे, ही त्या काळच्या पुण्यात नवी गोष्ट होती. तेव्हा गंगाराम वेल्सच्या हाताखाली ‘घडला’ असे म्हणणे पुरते बरोबर ठरणार नाही. तो आधीच कसलेला होता.

१५/
मॅलेटच्या आग्रहावरून आणि पेशव्याच्या आवडीमुळे शनिवारवाड्यातील एका दालनात चित्रकलेची शाळा सुरू झाली. युरोपीय पद्धतीचे रेखाटन हिंदुस्थानी हातांना शिकवणे हा तिचा हेतू. पुढे मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली उभी राहिली. तिच्या सहा दशकांहून अधिक आधी पुण्यात झालेला हा प्रयत्न आहे. गंगाराम हे या प्रयत्नाचे सर्वांत ठळक फळ. शाळा दीर्घकाळ चालली नाही. राजाश्रयावर उभी राहिलेली संस्था राजाच्या आयुष्याइतकीच टिकते, आणि या राजाचे आयुष्य फार नव्हते.

१६/
वेल्सला एक मदतनीसही मिळाला होता : कंपनीच्या सैन्यातून आलेला रॉबर्ट मेबन. वेल्स, मेबन आणि गंगाराम असे तिघे मिळून लेण्यांच्या चित्रणाचे मोठे काम उभे राहिले. १७९३ मध्ये थॉमस आणि विल्यम डॅनियल हे प्रसिद्ध चित्रकार काका-पुतणे मुंबईस आले, तेव्हा वेल्स त्यांच्यासमवेत पश्चिम किनाऱ्यालगतच्या लेण्यांमध्ये फिरला. घारापुरी, कान्हेरी, कार्ले आणि वेरूळ या ठिकाणांची मापे आणि रेखाटने जमू लागली. चेहरे रंगवण्यासाठी आलेल्या वेल्सचे मन हळूहळू दगडात रमले.

१७/
वेरूळच्या लेण्यांविषयी मॅलेटने लिहिलेला वृत्तांत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात १७९९ मध्ये प्रकाशित झाला. त्यामागे गंगारामची रेखाटने होती. कैलास लेण्यासारखी रचना कागदावर उतरवणे सोपे नाही. एकाच खडकातून खाली कोरत नेलेल्या मंदिराला चारही बाजूंनी वेगळे रूप आहे; कुठे उभे राहून पाहावे हाच पहिला प्रश्न पडतो. अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली ती १८१९ मध्ये. त्याच्या पंचवीस वर्षे आधी पुण्याच्या एका तांबटाने वेरूळ कागदावर आणले होते, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८/
गंगारामचे एक चित्र विशेष विचार करण्यासारखे आहे. त्यात त्याने आपल्या गुरूसमोर नम्रपणे बसलेले स्वतःचेच रूप काढले आहे. त्या काळच्या मराठी चिताऱ्यांपैकी फारच थोड्यांची नावे आपल्याला कळतात. त्यात स्वतःला चित्रात आणणारा चितारी तर अगदी विरळा. पुण्यातील बड्या लोकांचे चेहरे रंगवण्यासाठी साता समुद्रापलीकडून चित्रकार आला होता, तेव्हा या कारागिराने आपला चेहरा आपल्याच हाताने नोंदवला. तोही एकट्याचा नव्हे, गुरूच्या सान्निध्यात. स्वतःची ओळख कोणत्या नात्याने सांगावी, हे त्याचे त्याने ठरवले होते.

१९/
१७९५ हे वर्ष उजाडले. मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्या काळी आजचा बुलढाणा जिल्हा ज्यात मोडतो त्या वऱ्हाडात निजामाचा कारभार आणि नागपूरकर भोसल्यांचा वाटा अशी दुहेरी व्यवस्था होती. खर्ड्याच्या निकालाकडे तेथील गावोगावच्या पाटील-देशमुखांचे डोळे लागलेले असणार. पेशवे, शिंदे, होळकर आणि भोसले एकत्र लढल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग. वेल्सच्या चित्रांतला पुण्याचा दरबार वैभवाच्या शिखरावर होता. पुढच्या सात-आठ महिन्यांत सारे पालटले.

२०/
२५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडला आणि दोन दिवसांनी मरण पावला. वय अवघे एकवीस. त्याच शरद ऋतूत वेल्स साष्टी बेटावर कान्हेरीच्या लेण्यांत काम करीत होता. तेथील दमट, दाट रानात त्याला तापाने गाठले आणि नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्यास त्याचा अंत झाला. ज्याचा चेहरा रंगवला तो पेशवा आणि ज्याने रंगवला तो चित्रकार, दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले. मॅलेटने मागितलेले दरबाराचे भव्य चित्र अपुरेच राहिले. व्यक्तिचित्रे, रेखाटने आणि वह्या मात्र शिल्लक होत्या.

२१/
त्या साहित्याचा वारसा मॅलेटकडे गेला. तो पुढे पुणे सोडून इंग्लंडला परतला. १७९९ मध्ये त्याने वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी विवाह केला. वेल्सची रेखाटने थॉमस डॅनियलकडे सोपवण्यात आली. त्यांवरून डॅनियलने वेरूळच्या लेण्यांचा चोवीस चित्रांचा संच १८०३ मध्ये प्रसिद्ध केला. मग पुण्याच्या दरबाराचे चित्रही त्यानेच पूर्ण केले आणि ते १८०५ मध्ये रॉयल अकादमीत लागले. मॅलेट पेशव्याला तहाचा कागद सादर करीत असल्याचे ते सुप्रसिद्ध दृश्य हेच. पुढे त्याचे छापही निघाले आणि ते दूरवर पोहोचले.

२२/
या चित्रातील प्रसंग १७९० चा आहे. वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये. डॅनियलही त्या दरबारात हजर नव्हता. म्हणजे ज्या दृश्याला आपण डोळ्यांदेखत घडलेल्या प्रसंगाचे चित्र समजतो, ते पाहणारा चित्रकार कोणीच नव्हता. चेहरे नंतरच्या काळातील बैठकींवरून घेतलेले, मांडणी लंडनमध्ये केलेली आणि सारे काही ज्याच्या गौरवासाठी त्या मॅलेटच्या आठवणींवर आणि इच्छेवर बेतलेले. म्हणून चित्र खोटे ठरत नाही. पण ते वाचताना बखरीला जो कस लावतो तोच येथेही लावावा लागतो : हे कोणी लिहवून घेतले, कोणासाठी आणि प्रसंगानंतर किती वर्षांनी?

२३/
अमेरिकेत नेमका असाच प्रकार घडत होता. तेथील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे जॉन ट्रम्बुलचे विख्यात चित्रही प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी, एकेका नेत्याचा चेहरा स्वतंत्रपणे गोळा करून रचलेले आहे. गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ मध्ये वॉशिंग्टनचे एक चित्र जाणूनबुजून अपुरे ठेवले, म्हणजे मूळ चित्र आपल्याकडेच राहील आणि त्यावरून प्रती काढून विकता येतील. आज अमेरिकेच्या एका डॉलरच्या नोटेवरील चेहरा त्या अपुऱ्या चित्रावरून आलेला आहे. एका देशात राष्ट्र उगवत होते, दुसऱ्या ठिकाणी सत्ता मावळत होती. चेहरे मात्र दोन्हीकडे एकाच दशकात, एकाच पद्धतीने कायमचे ठरले.

२४/
मावळतीचा वेग मोठा होता. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२८ मध्ये शनिवारवाड्याला आग लागून आतील बहुतेक इमारती भस्मसात झाल्या. डॅनियलच्या चित्रात दिसणारा गणपती रंगमहाल, मागची भव्य गणेशमूर्ती, खांब आणि बैठक आज जागेवर पाहता येत नाहीत. उरली आहे ती तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि जोती. वाड्याचे अंतरंग कसे होते हे शोधणाऱ्या अभ्यासकाला लंडनमध्ये पूर्ण झालेल्या या चित्राकडेच पुन्हा यावे लागते, त्याच्या सर्व मर्यादा ध्यानी ठेवून.

२५/
आता नावांचा हिशेब. दरबाराच्या चित्रावर नाव डॅनियलचे आहे. वेरूळच्या संचावर वेल्सचा उल्लेख आहे, पण संच ओळखला जातो तो डॅनियलच्या नावाने. मेबनने १७९७ मध्ये कलकत्त्यात स्वतःचे एक लहान चित्रपुस्तक काढले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. गंगारामची चित्रे बहुतांशी ओळखू येतात ती त्यांवरील इंग्रजी टिपणांमुळे आणि मॅलेटने जपून ठेवलेल्या कागदांमुळे. म्हणजे पुण्याच्या एका मराठी चिताऱ्याचे नाव टिकले ते इंग्रज रेसिडेंटच्या संग्रहात. पेशवे दप्तराच्या लक्षावधी कागदांइतके समृद्ध साधन हाताशी असूनही त्याची ओळख प्रथम तेथून होत नाही.

२६/
वेल्सची रोजनिशी, त्याची रेखाटने आणि गंगारामची अनेक चित्रे आज अमेरिकेत, न्यू हेवन येथील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. पॉल मेलन या संग्राहकाने ब्रिटिश कलेचा जो प्रचंड साठा येल विद्यापीठाला दिला, त्यावर ही संस्था उभी आहे. त्या विद्यापीठाचे नाव ज्या एलिहू येलवरून पडले तो कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता. अमेरिकन अभ्यासक हॉली शॅफर यांनी या साहित्यावर दीर्घ संशोधन केले आणि २०२२ मध्ये त्यांचे मराठा-इंग्रज कलासंबंधांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. गंगारामचे नाव जगभरातील कला-अभ्यासकांना परिचित होऊ लागले ते अशा कामांमुळे.

२७/
मराठीत गंगारामवर अजून बरेच काम व्हायला हवे. तांबट समाजाच्या वह्या, पुण्यातील पेठांची दप्तरे, शनिवारवाड्याच्या खर्चाच्या नोंदी, शिकारखान्याचे हिशेब ही सारी साधने मोडी लिपीत आहेत. ती वाचणारा तरुण अभ्यासक या चित्रांना दुसऱ्या बाजूने भिडू शकेल. रेसिडेंटच्या टिपणातून दिसणारा गंगाराम आपल्याला ठाऊक आहे. त्याला रोजमुरा किती मिळे, कागद आणि रंग कोठून येत, त्याने कोणाला शिकवले, या प्रश्नांचा शोध मोडी कागदांतच घ्यावा लागेल. मोडी शिकण्याचे वर्ग आज अनेक ठिकाणी भरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा सरळ वाट नाही.

२८/
पुढच्या वेळी नाना फडणवीसांचे चित्र एखाद्या मुखपृष्ठावर दिसेल तेव्हा क्षणभर थांबून ते नीट पाहावे. तो चेहरा बहुधा पीटरहेडहून आलेल्या, पत्र्याच्या तुकड्यांवर चित्रे विकून मोठ्या झालेल्या माणसाच्या नजरेतून आपल्यापर्यंत आलेला असेल. त्याला बोलावणाऱ्या रेसिडेंटचे हेतू त्यात मिसळलेले असतील. आणि त्याच सुमारास, त्याच शहरात, पर्वतीच्या पायथ्याशी गेंड्यासमोर कागद घेऊन बसलेला गंगाराम तांबट आपली रेषा ओढीत होता, हेही आठवावे.

(समाप्त)